सोंडेची जीप

व्याही आपणहून मदतीला धावून आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलीचा बाप बोलावल्याशिवाय येत नाही, आणि आलाच तर चहा घेऊन उठतो. हा नवनाथ मात्र देवळाली कॅम्पातून हत्यारांची लोखंडी पेटी घेऊन आला आणि अंगणात उभ्या असलेल्या आमच्या जीपच्या बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "विहीणबाई, ही गाडी छातीभर पाण्यातून चालेल अशी करून देतो."

"बदल्यात काय पाहिजे?" मी विचारलं.

"काही नाही."

काही नको म्हणणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते.

आमचा मळा सायखेड्याच्या पुढं, गंगेच्या काठाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मळा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आहे. एरवी त्यातून शेरडंसुद्धा पाय न भिजवता जातात. पण वर धरणातून पाणी सोडलं की गंगा फुगते, आणि ओढ्याचं पाणी पुढं जायचं सोडून मागं येतं. ते वाहत नाही, आवाज करत नाही, नुसतं चढत राहतं आणि मग तिथंच बसून राहतं. तितके दिवस आम्ही अलीकडं आणि जग पलीकडं.

माझी सून तेजस्विनी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचं उपकेंद्र पलीकडच्या गावात. मागच्या पावसात ओढा चढला आणि ती ड्युटीवर पोचली नाही. वरचा साहेब तिला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलला. त्या रात्री माझा पोरगा योगेश जेवताना भाकरीकडं बघत म्हणाला, "आई, आम्ही नाशिकरोडला खोली घेतो. पावसाळ्यापुरती."

पावसाळ्यापुरतं म्हणून गेलेलं बिऱ्हाड परत आलेलं मी अजून पाहिलं नाही. शेजारच्या अक्काबाईचे दोघं पोरं असेच गेले. आता दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन येतात आणि तिला विचारतात, आई, पिण्याचं पाणी उकळलंय ना?

मी तिथल्या तिथं सांगितलं, "आपली जीप फोर बाय फोर हाय. तिला पाण्यातून जाईल अशी करून घ्या. जीप ओढ्यातून पार गेली तर कुणी घर सोडायचं नाय. मधी बंद पडली तर खुशाल जा, मी अडवणार नाय."

दोघांनी मान डोलावली. शब्द माझा होता, तो मी कधी फिरवत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि मग हा व्याही उगवला.

आता तुम्हीच सांगा. याला ही एकच लेक. बायको वारलेली. देवळालीला दोन खोल्या मोकळ्या. जीप बंद पडली तर लेक याच्या दाराशी येणार, रोज गरम भाकरी मिळणार. असा माणूस आमची जीप मनापासून नीट करील का? लष्कराच्या वर्कशॉपात उभी हयात गेली त्याची. गाडी कशी चालवायची हे ज्याला कळतं, त्याला ती कुठं बंद पाडायची हेही कळतंच की.

मी अंगणात बाज टाकली आणि बसले राखणीला.

रोज सकाळच्या एसटीनं तो यायचा आणि संध्याकाळी जायचा. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, असं त्याचं जुन्या वळणाचं. पहिल्या दिवशी त्यानं काळा जाड पाइप आणला, बोनेटच्या बाजूनं वर नेला आणि टपापर्यंत उभा केला. जीपला सोंड आल्यासारखी दिसायला लागली.

"हे काय आता?"

"हे इंजिनाचं नाक, विहीणबाई. इंजिन डिझेल पितं तशी हवाही ओढतं. नाक खाली असलं आणि पाण्यात बुडलं की हवेच्या जागी पाणी आत जातं. पाणी दाबलं जात नाही. मग आतले दांडे वाकतात आणि इंजिन जागच्या जागी खलास. म्हणून नाक वर काढायचं."

"आणि वरून पाऊस पडला म्हणजे? उघड्या तोंडात पाणी नाय जायचं?"

मला वाटलं, सापडला. पण त्यानं मला जवळ बोलावून दाखवलं. पाइपाचं तोंड मागच्या बाजूला वळवलेलं होतं आणि खाली पाणी निथळायला बारीक भोक होतं. मी बाजेवर येऊन बसले. तयारीचा माणूस दिसतो, असं म्हटलं मनात, आणि डोळे आणखी उघडे ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो गाडीखाली शिरला. पुढच्या दोन चाकांच्या आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध जे लोखंडी गोळे असतात, त्यांना त्यानं बारीक रबरी नळ्या जोडल्या आणि त्या वर इंजिनापर्यंत आणल्या. मला डिझेल चोरायची नळी चांगली ओळखू येते. मी वाकून नळीचं टोक हुंगलं.

"काय बघताय, विहीणबाई?"

"डिझेलचा वास येतो का बघते."

गाडीखालून तो इतका हसला की त्याच्या हातातला पाना पडला. "अहो, ही श्वासाची नळी. चालून चालून गोळा तापतो. तापलेला गोळा गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तो बाहेरचं पाणी ओढून घेतो. आतल्या तेलाचं ताक होतं. नळी वर असली म्हणजे तो पाण्याऐवजी हवा ओढतो."

"हसायला काय झालं?"

"काही नाही."

"मग हसू नका. दात दिसतात."

तेजस्विनी चहा घेऊन आली होती. ती बापाकडं बघून हसली. ते हसणंही मी ध्यानात ठेवलं. बापलेकीनं एकमेकांकडं बघून हसायचं आणि मी मधी बाजेवर, म्हणजे माझ्या पाठीमागं काहीतरी ठरलेलं असणार.

ती भांडी उचलायला लागली तेव्हा मी सरळ विचारलं, "तुला जायचंय का गं?"

"कुठं, आत्याबाई?"

"कुठं म्हणजे? नाशिकरोडला. नाहीतर देवळालीला."

"माझं केंद्र इथं पलीकडं. तिकडं जाऊन मी काय माशा मारू?"

बरं बोलली. पण बरं बोलायला काय लागतं? ज्याला जायचं असतं तो जातो म्हणून थोडाच सांगत फिरतो.

काम चाललं होतं बाकी झकास, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागत होतं. वायरींच्या प्रत्येक जोडात त्यानं पांढरं ग्रीस भरलं. बॅटरी उचलून वरच्या अंगाला बसवली. धुराचं नळकांडंही मागून वर चढवलं. क्लचखाली एक भोक असतं, तिथं पेचाचं बूच मारलं. आणि प्रत्येक नट आवळून झाला की लेकीच्या लाल नेलपॉलिशनं त्यावर एक रेघ ओढायचा, अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर.

"नखं रंगवून झाली का नटांची?" मी म्हटलं.

"ही आमची कॅम्पातली पद्धत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. बघितल्या बघितल्या कळतं, कुणीतरी हात लावलाय."

हे मात्र मला आवडलं. संशय घ्यायची इतकी सोपी सोय मी आजवर पाहिली नव्हती. तेव्हापासून रोज संध्याकाळी व्याह्याची एसटी गेली की मी बोनेट उघडायची आणि कंदिलाच्या काचेकडं बघावं तशी एकेक रेघ बघायची. योगेश ओट्यावरून बघत असायचा.

"आई, किती बघशील? मामांनी केलंय ना नीट."

"तुझे मामा लेकीचे बाप हायेत."

"मग?"

"मग काय? तू भोळा हायेस. गप राहा."

श्रावणात धरणाचं पाणी सुटलं. गंगा दिवसभर तपकिरी होत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यात पाणी मागं येऊन बसलं. बांधावरची खुरटी बाभळ अर्ध्यापर्यंत बुडाली होती. म्हणजे जीपच्या बोनेटला लागेल इतकं पाणी. व्याही पहिल्याच एसटीनं निघाला होता. रस्त्यावर उतरून अक्काबाईच्या गड्यानं यंदाच जोडलेल्या डगमगत्या तराफ्यावरून तो अलीकडं आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला रुमाल.

आल्या आल्या तो बोनेटकडं निघाला.

"थांबा," मी म्हटलं. "आता हात लावायचा नाय. जे करायचं ते झालं."

"पंख्याचा पट्टा काढायचाय, विहीणबाई. पंखा पाण्यात फिरला तर पाणी उडवतो नाहीतर स्वतः मोडतो."

"काढा. माझ्यासमोर काढा."

त्यानं माझ्यासमोर पट्टा काढून माझ्याच हातात दिला. मी सगळ्या रेघा बघितल्या. सगळ्या शाबूत. मग मला अंघोळ करायची होती, कारण पाण्यात उतरायच्या आधी मी गंगेला हळदकुंकू वाहिल्याशिवाय जात नाही, आणि पारोशानं वाहत नाही. मी योगेशला जीपजवळ उभं केलं.

"मी येईपर्यंत इथून हलायचं नाय. तुझे मामा जवळ आले तर मला हाक मार."

"बरं," तो म्हणाला.

मी अंघोळ केली, ओढ्याच्या कडेला जाऊन हळदकुंकू वाहिलं आणि आले. व्याही ओट्यावर बसून लेकीशी बोलत होता, जीपपासून चांगला लांब. योगेश बोनेटला टेकून उभा. माझा जीव निवांत झाला.

योगेश चालवायला बसला. मी त्याच्या शेजारी. तेजस्विनी ड्युटीची पिशवी मांडीवर घेऊन मागं.

"मी इथं काठावर थांबतो," व्याही म्हणाला.

"नाय. तुम्हीही बसा. बुडायचं झालं तर कारागीर बरोबर असलेला बरा."

तो निमूट मागं बसला. पलीकडं अक्काबाईचा गडी ट्रॅक्टरला दोर बांधून उभा होता. जीप ओढ्यात उतरली. पाणी आधी चाकाला लागलं, मग दारातून आत आलं आणि पायांवर चढलं. गार. पुढून बोनेटच्या दोन्ही बाजूंनी लाट फुटायला लागली. आणि ती सोंड वरून हवा ओढत होती, तिचा घरघर आवाज मला कानाशी ऐकू येत होता. इंजिन एका सुरात चाललं होतं. मला गाणं म्हणावंसं वाटलं. मी आजवर कधी म्हटलेलं नाही.

मध्यावर आलो आणि जीप ठसकली.

एकदा ठसकली, मग जरा चालली, परत ठसकली. धाप लागल्यासारखा आवाज चढत उतरत गेला, आणि बंद. चहूकडं पाणी आणि एकदम शांतता.

"झालं," योगेश म्हणाला. "पाणी गेलं इंजिनात. मी म्हणत होतो."

तो काही म्हणत नव्हता. आठवून बघितलं, कधीच म्हणाला नव्हता.

मी मागं वळले. व्याह्यानं हात जोडले होते. "माझंच चुकलं, विहीणबाई. एखादा जोड राहिला असेल माझ्याकडून."

आता हाच माणूस इतके दिवस माझ्याशी एका एका स्क्रूवरून भांडला होता. माझी एक चूक काढून दाखवा म्हणत होता. आणि बोनेट न उघडताच चूक कबूल? इतक्या सहज पदरात पडलेली चूक माझ्या पचनी पडत नाही.

शिवाय तो आवाज. मालक होते तेव्हा आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. मालकांची कंबर धरलेली, म्हणून हँडल मारून मीच चालू करायची. चौथीतून शाळा सुटली, पण त्या इंजिनाची शाळा माझी कैक वर्षं चालली. पाणी प्यालेलं इंजिन गपकन थांबतं, गळा आवळल्यासारखं. धापा टाकत टाकत जे थांबतं, ते पाण्यानं नाही. त्याच्या डिझेलमध्ये हवा शिरलेली असते.

मी लुगड्याचा काचा मारला आणि उतरले.

"आई, कुठं चाललीस? ट्रॅक्टर ओढील," योगेश म्हणाला.

"बस गप."

पाणी माझ्या पोटाला लागलं. मी पुढं गेले आणि बोनेट उचललं. जीपच्या अंगाला लागून पाण्यावर डिझेलचा तवंग पसरत होता, मोराच्या पिसासारखा. डिझेलचा फिल्टर पाण्याच्या वर, कोरडा होता. त्याच्या डोक्यावरचा नट मात्र डिझेलनं ओला. आणि नटावरची लाल रेघ तुटलेली होती, अर्धी इकडं, अर्धी तिकडं.

सकाळी ती अखंड होती. माझ्या डोळ्यांनी मी बघितली होती. आणि त्यानंतर जीपजवळ मी उभा केलेला राखणदार सोडून कुणी गेलेलं नव्हतं.

मी बोनेटच्या आडून म्हटलं, "योगेश, पाना दे."

कोणता पाना ते मी सांगितलं नाही. हत्यारांची पेटी सीटखाली पाण्यात होती. त्यानं पँटच्या खिशात हात घातला, पाना काढला आणि काचेच्या बाजूनं माझ्या हातात दिला. मी तो नटाला लावला. बरोबर बसला.

मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पाण्यात उभं राहून काहीतरी बोलून बसले असते.

मागून पाणी चिरल्याचा आवाज आला. व्याही उतरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी नट सैल केला, तो फिल्टरजवळचा डिझेलचा छोटा हातपंप दाबायला लागला. आत शिरलेली हवा नटाच्या कडेनं फेस होऊन निघायला लागली.

"तुम्हाला पहिल्या ठसक्यालाच कळलं होतं," मी हळू म्हटलं.

तो पंप दाबत राहिला.

"मग हात कशाला जोडले?"

"लेक दिलीय तुमच्या घरी. जावयाचं नाव मी कसं घेऊ?"

"आणि गाडी बंद पडावी असं तुमच्याही मनात होतंच की."

"होतं ना. खोटं कशाला बोलू? रोज देवाला सांगत होतो, बंद पाड म्हणून." त्यानं कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. "पण हाताला सांगता येत नाही हो. तो नट दिसला की आवळतोच."

फेस संपला आणि नुसतं डिझेल यायला लागलं. मी नट आवळला. बोनेट टाकलं.

"चावी फिरव," मी योगेशला म्हटलं.

त्यानं फिरवली. एकदा, दोनदा, आणि इंजिन धडधडलं. आम्ही दोघं ओले गच्च होऊन आत बसलो आणि जीप एकाही ठसक्याशिवाय पलीकडं चढली. अक्काबाईच्या गड्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला काय माहीत?

रस्त्याला लागल्यावर मी गाडी थांबवायला सांगितली. व्याह्याला म्हटलं, तुम्ही जरा ट्रॅक्टरवाल्याशी बोला. तो समजला आणि गेला. तेजस्विनी उतरणार नव्हती. तिनं पाना बघितला होता.

"तोंडानं सांग आता," मी योगेशला म्हटलं.

तो स्टिअरिंगकडं बघत म्हणाला, "सिन्नरला कारखान्यात काम मिळतंय. सोमवारपासून या म्हणालेत. मला जायचंय, आई. मला कांदा, टोमॅटो, ओढा, काही नको झालंय."

"मग सांगायचं होतं."

"तुला? तुला कोण सांगणार?"

"म्हणून गाडी बुडवायला निघाला?"

"बुडणार नव्हती. अर्धाच ढिला केला होता. आणि चालवत मीच होतो ना..."

"अर्धाच!" मागून तेजस्विनी इतक्या मोठ्यानं ओरडली की ट्रॅक्टरवाला वळून बघायला लागला. "माझ्या बापानं रोज येऊन उन्हापावसात काम केलं, आणि तुम्ही त्याला खोटं पाडणार होता? अख्ख्या गावासमोर? तो हात जोडत होता तेव्हा तुम्ही काचेतून बाहेर बघत होता. आणि खोली माझ्यासाठी घेतोय म्हणून माझ्या नावावर खपवत होता सगळं! मी येणार नाही कुठं. माझी ड्युटी इथं आहे. तुम्हाला जायचं तर जा."

खरं सांगते, मला त्या पोरीकडं बघवलं नाही. इतके दिवस मी तिच्या हसण्याचासुद्धा हिशोब ठेवला होता. पण ते मी तिला बोलून दाखवणार नाही. सासू आहे मी.

योगेश मान खाली घालून म्हणाला, "गाडी पार आली. तुझा शब्द आहे. मी राहतो."

तेच तर मला हवं होतं. ज्याच्यासाठी मी बाज टाकून बसले होते, ते माझ्या पुढ्यात आलं होतं. फक्त बरं म्हणायचं होतं. मी त्याच्या मानेकडं बघितलं. पोरगा चाळिशीला आलाय, मानेवरचे केस पांढरे व्हायला लागलेत, आणि हा माझ्यापासून पाना खिशात लपवतो. अशाला ठेवून घेतला तर रोज माझ्या घरातलं काहीतरी अर्धं ढिलं करत राहील आणि मी रोज रेघा तपासत बसेन.

"नाय," मी म्हटलं. "तू जा."

"आई..."

"मी घालवतेय तुला. तू चाललास असं कुणाला सांगू नको. आईनं घालवलं म्हणून सांग."

व्याही परत आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुमच्या खोल्या मोकळ्या हायेत ना? लेक मिळायची नाय तुम्हाला. जावई घेऊन जा. भाकरी त्याला येत नाय, तुम्हीच शिकवा."

व्याह्यानं एकदा जावयाकडं बघितलं, एकदा लेकीकडं. "तिथून सिन्नरची गाडी सकाळी सुटते, जावईबापू," एवढंच म्हणाला. "उठावं लागेल लवकर." त्याच्या तोंडावर काय होतं मला वाचता आलं नाही, आणि मला सहसा वाचता येतं.

सोमवारीही ओढ्यात पाणी होतंच. तेजस्विनीला ड्युटीवर जायचं होतं, तिनं चावी घेतली. योगेशनं कपड्यांची बॅग मागं टाकली आणि माझ्या पाया पडला. मी त्याला म्हटलं, नीट राहा, सासऱ्याच्या घरी टीव्ही मोठ्यानं लावू नको. ओढ्यापर्यंत काही गेले नाही. गोठ्यात म्हशीखाली बसले, कासंडी धरून.

जीप सुरू झाल्याचं ऐकू आलं. मग उताराला लागली, मग पाण्यात शिरली, तिचा आवाज जड झाला. मी धार काढायची थांबवली. मध्यावर आली असेल, असा अंदाज केला आणि कान लावला. एकदा तरी ठसकावी, असं वाटत होतं. एकदाच.

नाही ठसकली. एका सुरात गेली, पलीकडं चढली आणि रस्त्याला लागून लांब लांब होत गेली. काम चोख केलं होतं मेल्यानं.